कोहिमातले उभे दगड

नागालँडला जाऊन आलो म्हटलं की ओळखीतला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. "मग, काय काय खाल्लंस?" विचारताना चेहऱ्यावर थोडं कुतूहल, थोडी किळस आणि 'उत्तर नाही मिळालं तरी चालेल' असे तिन्ही भाव एकदम असतात. मावशीने तर "खाल्लं असशील तर मला सांगू नकोस" असं आधी बजावलं आणि मग अर्धा तास तोच विषय काढला. तर मावशी, आणि इतर मंडळी, खाण्याबद्दल लिहिणारच आहे. पण कोहिमात चार दिवस राहिल्यावर माझ्या डोक्यात खाण्यापेक्षा दगडच जास्त घोळत राहिले. आणि गंमत म्हणजे त्या दगडांचा संबंध पुन्हा खाण्याशीच आहे. सांगतो.

कोहिमा हे मूळचं अंगामी नागांचं गाव. त्यांच्या भाषेत केव्हिरा. ते नाव इंग्रजांच्या जिभेला झेपलं नाही म्हणून त्याचं कोहिमा झालं, असं तिथले लोक सांगतात. आपलं ठाणं म्हणजे टाना, खडकी म्हणजे किरकी, तसंच ते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,४४४ मीटर उंचीवर डोंगराच्या धारेवर पसरलेलं शहर. रेल्वे आणि विमान दोन्ही खाली दिमापूरला संपतात, तिथून ७४ किलोमीटर घाट चढायचा. आपल्याच देशात जायला इनर लाइन परमिट काढावं लागतं, हे आमच्या ग्रुपमधल्या दोघांना विमानात बसेपर्यंत खरं वाटत नव्हतं. असो.

पहिल्याच सकाळी माओ मार्केटला गेलो. (माओ म्हणजे चीनचा नव्हे, मणिपूरच्या सीमेवर राहणारी नागांचीच एक जमात.) टोपल्यांमध्ये वळवळणारे रेशमाचे किडे, गांधीलमाशीचं पोळं अळ्यांसकट, पाण्याच्या पिशवीत बेडूक, गोगलगायी. मावशी, किडे खाल्ले. तळलेली अळी भाजलेल्या काजूच्या जवळपास लागते. कुत्र्याचं विचारणार हे माहीत आहे म्हणून आधीच सांगतो: नाही खाल्लं, कुणी आग्रहही केला नाही. २०२० साली राज्य सरकारने त्यावर बंदी घातली होती, २०२३ मध्ये गुवाहाटी हायकोर्टाच्या कोहिमा खंडपीठाने ती रद्द केली. मुद्दा एवढाच, की बाहेरचे लोक नागा जेवणाबद्दल बोलतात ते बहुतेक या चार टोपल्यांबद्दल, आणि रोजच्या ताटात त्या नसतातच.

रोजच्या ताटात असतो भात. भरपूर भात, उकडलेला पाला, एखादी झणझणीत चटणी आणि धुरावर धरलेलं डुकराचं मांस. तेल जवळपास नाही, आपल्या अर्थाने मसाला नाही. चव येते ती आंबवण्यातून आणि धुरातून. सुमी नागांची अखुनी म्हणजे उकडलेलं सोयाबीन पानात बांधून चुलीजवळ ठेवायचं आणि आंबलं की ठेचायचं. तिच्या वासावर २०१९ साली एक आख्खा हिंदी सिनेमा निघाला, दिल्लीच्या भाड्याच्या घरात अखुनी शिजवू पाहणाऱ्या ईशान्येकडच्या मुलांचा. तो पाहिला असेल तर शेजाऱ्यांची नाकं आठवत असतील. पण ज्यांच्या घरी सुकट भाजली जाते त्यांनी या वासाबद्दल बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आओ नागा अळूची पानं आंबवून, त्याच्या वड्या थापून धुरावर वाळवतात. त्याला अनिशी म्हणतात. आपण अळूचं फतफतं करतो आणि अळूवडी करतो, पण हे तिसरं काही आपल्याला सुचलं नाही. बांबूचे कोंब तर विदर्भात वास्ते म्हणून खातातच. आणि राजा मिरची! तिला २००८ साली जीआय मानांकन मिळालं. अर्ध्या मिरचीत पाच माणसांचं पातेलं तिखट होतं. कोल्हापूरच्या मित्राने "आम्हाला नका शिकवू" म्हणत एक तुकडा तोंडात टाकला. नंतरचा तासभर तो फारसं बोलला नाही.

आम्ही ज्यांच्या घरी राहिलो त्या आँटींचं खरं स्वयंपाकघर घरामागे वेगळं होतं. गॅस पुढच्या घरात, मागे चूल. जमिनीवर मांडलेले तीन दगड, वर टांगलेली बांबूची फळी, त्यावर धुराने काळं पडलेलं मांस आणि मक्याची कणसं. तीन दगडांची चूल हे शब्द मी आयुष्यभर ऐकत आलो, पण रोज पेटणारी अशी चूल बऱ्याच वर्षांनी पाहिली. तिच्याभोवती बसून आम्ही गाल्हो खाल्ला. हा अंगामींचा मऊ, पातळसर भात, त्यात पाला आणि धुरावरच्या मांसाचे तुकडे. आजारी माणसाला मऊभात द्यावा तसा, फक्त आजारी नसलेल्यांसाठी.

आता दगड.

अंगामी गावांच्या आसपास, वाटेच्या कडेला, शेतांच्या बांधावर मोठमोठे उभे दगड दिसतात. कधी एकटा, कधी दोन, कधी रांग. आपल्या डोळ्यांना सवय वीरगळांची. सातारा-सोलापूरकडे देवळाच्या आवारात शेंदूर फासलेला दगड दिसला की आपण समजतो, कुणीतरी लढून मेला. गाई सोडवताना मेला, गावासाठी मेला. मी इथेही तसंच धरून चाललो होतो. काही दगड मृतांच्या आठवणीचे असतातही. पण पुष्कळसे दगड मेल्याचे नाहीत. ते गाव जेवू घातल्याचे आहेत.

पद्धत अशी होती. अंगामी डोंगरउतारावर पायऱ्या कोरून पाण्यावरची भातशेती करणारे लोक. ज्याच्या कणग्या भरल्या, गोठा भरला, तो श्रीमंत. पण नुसता साठा असून मान नव्हता. मान मिळवायचा तर गावाला जेवण घालायचं. एकदा नव्हे, चढत्या क्रमाने, प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा मोठं. गुरं कापायची, मिथुन कापायचे (तो गव्याचा पाळीव भाऊबंद), तांदळाची बिअर महिनाभर आधीपासून गाळत बसायचं. काही जेवणं झाली की विशिष्ट शाल पांघरण्याचा हक्क मिळे, मग घराच्या दर्शनी टोकाला लाकडी शिंगं लावण्याचा. आणि सगळ्यात वरच्या पायरीवर दगड. गावातले शेकडो तरुण नटूनथटून जात, डोंगरातला दगड लाकडी घसरगाडीवर वेलींनी बांधत आणि एका ठेक्यात ओरडत तो ओढून आणत. तोवर यजमानाची कणगी जवळपास रिकामी झालेली असे. संपत्ती पोटांत गेली, मागे दगड राहिला.

मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत हे सगळं सविस्तर आहे. जे. एच. हटन या अधिकाऱ्याने १९२१ साली अंगामींवर जाडजूड ग्रंथ लिहिला. मला त्यातलं अर्थशास्त्र आवडलं. ज्याच्याकडे जास्त, त्याच्याकडून ते गावात परत यावं आणि त्याला ते देताना शिक्षा नव्हे तर बक्षीस वाटावं, याची ही व्यवस्था. उगाच गोडगोड करून सांगत नाही. याच लोकांमध्ये गावागावांची वैरं होती, शत्रूचं मुंडकं आणणाऱ्यालाही मान होता. पण ज्या समाजाचं आपल्याकडे एकच चित्र पोचलं, भाला आणि मुंडकं, त्या समाजाने रस्त्याच्या कडेला कायमचं काय लिहून ठेवलं? 'याने आम्हाला जेवायला घातलं.'

हे डोक्यात ठेवून कोहिमाच्या लढाया पाहिल्या की त्याही भुकेच्याच गोष्टी निघतात.

इंग्रजांनी नागा हिल्सचं मुख्य ठाणं १८७८ साली कोहिमाला आणलं. घरपट्टी आली, सक्तीची हमाली आली. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १८७९ रोजी, पोलिटिकल ऑफिसर डॅमंट शेजारच्या खोनोमा गावाच्या वेशीवर मारला गेला. लगेच नागांनी कोहिमाच्या ठाण्याला वेढा घातला. आत बायकामुलंही होती. मणिपूरहून कर्नल जॉन्स्टन फौज घेऊन येईपर्यंत जवळपास दोन आठवडे ते ठाणं तहानभुकेने जेरीला आलं होतं. मग नोव्हेंबरात खोनोमावर मोठा हल्ला झाला, नागा वरच्या गढीत गेले आणि मार्च १८८० मध्ये तह झाला. खोनोमाला आज गेलात तर भाताच्या पायऱ्या पाहून तोंडातून शब्द फुटत नाही. त्याच गावाने १९९८ मध्ये शिकार बंद करून स्वतःचं अभयारण्य केलं. पण ते पुन्हा कधीतरी.

१९४४ ची लढाई मात्र थांबून सांगायला हवी, कारण कोहिमाला येणारा प्रत्येक पाहुणा त्यासाठीच येतो. ४ एप्रिल ते २२ जून. जपानची ३१ वी डिव्हिजन, सुमारे पंधरा हजार माणसं, जनरल सातो यांच्या हाताखाली ब्रह्मदेशातून चिंदविन नदी ओलांडून डोंगर चढून आली. कोहिमात लढू शकणारे जेमतेम दीड हजार आणि त्यांच्यासोबत न लढणारे हजारभर. डेप्युटी कमिशनर पॉसी यांचा बंगला आणि टेनिस कोर्ट जगप्रसिद्ध झालं, कारण कोर्टाच्या एका बाजूला जपानी खंदक आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटिश, मधे हातबॉम्ब फेकण्याइतकं अंतर. कोर्टाच्या पांढऱ्या रेषा आजही स्मशानभूमीत आखून ठेवल्या आहेत. २०१३ साली लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमच्या मतदानात इंफाळ-कोहिमा ही ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई ठरली, वॉटर्लूलाही मागे टाकून.

पण त्या लढाईचा नकाशा उघडून टेकड्यांची नावं वाचा. एका टेकडीचं नाव एफएसडी, म्हणजे फील्ड सप्लाय डेपो. शेजारच्या टेकडीचं डीआयएस, म्हणजे रोजचा शिधा वाटायचं कोठार. तिथे पावाच्या भट्ट्या होत्या. लान्स कॉर्पोरल हार्मन याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच परिसरातल्या चकमकींसाठी, आणि जपानी शिपाई त्या भट्ट्यांच्या आडोशाला घुसले होते. म्हणजे ज्या टेकड्यांसाठी इतकी माणसं मेली, त्या आघाडीवरच्या सैन्याची कोठीघरं होती.

आणि जपानी हरले ते का? जनरल मुतागुची यांचा हिशोब असा, की तीन आठवड्यांचा शिधा पाठीवर न्यायचा, गुरांचे कळप हाकत न्यायचे, लागतील तशी कापायची, आणि तोवर इंफाळ-कोहिमाची कोठारं हाती येतीलच. चंगीझखानाची पद्धत म्हणे. गुरं नदीत आणि चढावर मेली. कोठारं हाती आली नाहीत. ब्रिटिशांना विमानांतून रसद मिळत राहिली, सातोंना मागून काहीच आलं नाही. मे संपता संपता त्यांनी वरिष्ठांचा हुकूम मोडून माघार घेतली. परतीच्या वाटेवर, पावसाळ्यात, गोळीपेक्षा भूक आणि रोगराईनेच जास्त माणसं मेली. दोन्ही बाजूंचे मिळून हजारो हकनाक गेले. जपानी शिपायांच्या नातेवाइकांनीही पैसे दिलेलं एक मोठं कॅथेड्रल शहरात १९९१ पासून उभं आहे. मी संध्याकाळी गेलो तेव्हा आत गाण्याचा सराव चालू होता.

यात आपल्या माणसांचा एक धागा आहे आणि तो आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. कोहिमावर चालून येणाऱ्या जपानी फौजेची एक मोठी तुकडी २२ ते २६ मार्च १९४४ या दिवसांत वाटेतच अडली. उखरूलकडे, तांगखुल नागांच्या सांगशाक गावात. तिथे ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. पाणी नाही, काटेरी तार नाही, खडकाळ टेकडी. २६ च्या रात्री त्यांना ती सोडावी लागली, पण गेलेले दिवस जपान्यांना परत मिळाले नाहीत. इकडे जेसामी आणि खारासोमला आसाम रेजिमेंटने तेच केलं. कोहिमाची तयारी झाली ती या उधारीच्या दिवसांवर. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरं नागांच्या गावात, नागांच्या घरांच्या आडोशाने लढली, आणि घरं कुणाची जळली ते वेगळं सांगायला नको.

कोहिमाचं मूळ गावही जवळजवळ पूर्ण जळालं. लोक रानात गेले, दुसऱ्या गावांत गेले. एप्रिल ते जून हे तिथे भातशेतीच्या तयारीचे आणि लावणीचे दिवस. याच दिवसांत नागा माणसं जखमींची स्ट्रेचर उचलून डोंगर उतरत होती, दारूगोळा वर नेत होती, वाटा दाखवत होती. त्या वर्षी ज्यांच्या पायऱ्या पडीक राहिल्या त्यांच्या पुढच्या वर्षाचा भात कुठून आला असेल, हा प्रश्न स्मशानभूमीत उभं राहिल्यावर पडतो आणि तिथे त्याचं उत्तर देणारी पाटी नाही.

स्मशानभूमी अतिशय सुंदर आहे, हे कबूल. एकावर एक पायऱ्यांमध्ये उतरणारी, भातशेतीसारखीच. १,४२० थडगी, प्रत्येकासमोर फुलझाड. वरच्या टोकाला हिंदू आणि शीख शिपायांचं दहन-स्मारक आहे, त्यावर ९१७ नावं. मी ती सगळी वाचली. वेळ लागला. बरोबरचे खाली चहाला गेले. त्यांच्यासाठी थडगं नाही, फुलझाड नाही, एकाखाली एक नावं. आपल्याकडच्या पुस्तकांत तर तीही नाहीत. आझाद हिंद सेना त्याच आघाडीवर दुसऱ्या बाजूने आली होती, त्यामुळे इंग्रजांच्या बाजूने मेलेल्यांचं काय करायचं हे आपल्याला नीट ठरवताच आलं नाही.

आणि खालच्या टोकाला, रस्त्याजवळ, सेकंड डिव्हिजनचं स्मारक. त्यावरचा मृत्युलेख जगभर प्रसिद्ध आहे, प्रत्येक जण त्याचाच फोटो काढतो. मी थबकलो तो मजकुरासाठी नाही. तो ज्यावर बसवला आहे तो एक भलाथोरला, न घडवलेला, उभा दगड आहे. अंगामींच्या वाटेकडेला असतो अगदी तसा. नागांनीच तो ओढून आणून दिला, त्यांच्या स्वतःच्या दगडांसारखाच.

मी त्या दगडासमोर बराच वेळ उभा होतो. तो ज्यांनी ओढला त्यांचं गाव नुकतंच जळालेलं होतं. त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या काळात याच सैन्याने खोनोमा फोडलं होतं. तरीही परक्या मेलेल्यांसाठी त्यांनी आपल्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट केली. पाहुणचार म्हणावा, कृतज्ञता म्हणावी, की कामाचे पैसे मिळाले म्हणून केलं म्हणावं? पैसे मिळालेही असतील. पण पैशासाठी ओढायचा तर सिमेंटची पोती ओढता येतात.

त्यानंतरची वर्षं मी थोडक्यात लिहितो. ती थोडी आहेत म्हणून नव्हे, त्यावर अधिकाराने लिहायला माझ्यापेक्षा तिथले लोक आहेत म्हणून. १९२९ सालीच नागा क्लबने सायमन कमिशनला निवेदन दिलं होतं, की आम्हाला पूर्वीसारखं आमच्यावर सोपवून द्या. १४ ऑगस्ट १९४७ ला नागा नॅशनल कौन्सिलने स्वातंत्र्य जाहीर केलं. मार्च १९५३ मध्ये नेहरू कोहिमाला आले तेव्हा निवेदन द्यायची परवानगी नाकारली म्हणून जमलेले लोक सभेतून उठून निघून गेले. पुढे बंड, लष्कर, १९५८ चा विशेषाधिकार कायदा, १ डिसेंबर १९६३ ला नागालँड राज्य. १९६४ मध्ये जयप्रकाश नारायण, चलिहा आणि रेव्हरंड मायकेल स्कॉट यांच्या शांतता मंडळामुळे शस्त्रसंधी झाली, टिकली नाही. १९९७ पासून पुन्हा शस्त्रसंधी. पण त्याच्या दोन वर्षं आधी, ५ मार्च १९९५ रोजी, कोहिमाच्या रस्त्यावर लष्कराच्या ताफ्यातल्या गाडीचं टायर फुटलं. तो बॉम्ब समजून गोळीबार झाला आणि सात नागरिक मेले. टेनिस कोर्टाची गोष्ट आम्हाला चार जणांनी सांगितली. ही फक्त आँटींनी, तीही मी दुसऱ्यांदा भात घेतल्यावर, चुलीतलं लाकूड पुढे सारत. त्या दिवशी त्या बाजारातून दहा मिनिटं आधी घरी आल्या होत्या. एवढंच सांगितलं आणि पुन्हा वाढायला लागल्या.

गाव जेवू घालून दगड उभारण्याची चाल आता उरलेली नाही. मिशनरी आले, बहुतेक सगळे नागा ख्रिस्ती झाले, आणि त्या जेवणातला बळी आणि बिअर दोन्ही चर्चला चालणारी नव्हती. दगड ओढण्याचा सोहळा मात्र एखाद्या जुबिलीच्या निमित्ताने आजही कुठल्या कुठल्या अंगामी गावात होतो. हजारो माणसं, लाल-काळ्या शाली, दोर, तोच ठेका. आँटींनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. दगड इंचाइंचाने सरकत होता, म्हातारे बाजूने ओरडून सूचना देत होते आणि मागे मोठमोठ्या पातेल्यांतून वाफ निघत होती. मी विचारलं, जेवण कोण घालतं? म्हणाल्या, हल्ली वर्गणी काढतात. घरटी तांदूळ, घरटी मांस.

"आणि बिअर?"

राज्यात १९८९ चा दारूबंदी कायदा आहे, हे त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं. मग उठल्या आणि कोपऱ्यातल्या डब्यातून दुधासारखी पांढरी झुथो बांबूच्या पेल्यात ओतून माझ्यासमोर ठेवली. किंचित आंबट, किंचित गोड, आपल्या ताकाच्या जवळची. दुसरा पेला मीच मागितला.